सोमवारी घरी येण्याआधी

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी व्यसनमुक्ती वॉर्डातून डिस्चार्ज आहे आणि बाहेर पडायची भीती वाटते, असं तू आईला म्हणालास. वाटणारच. वॉर्डात नाका नव्हता, बार नव्हता, पगार नव्हता. पण ही भीती सगळी एका जातीची नाही.

एक भीती शरीराची. रोज पिणाऱ्याने दारू अचानक तोडली की ६ ते २४ तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भास आणि भ्रम. दारू मेंदूला दाबून ठेवते, मेंदू उलटा जोर लावून बसतो. दाब एकदम काढला की तो जोर उसळतो. तुझा हा टप्पा डॉक्टरांच्या देखत पार पडला. पुढे कधी पुन्हा रोजचं पिणं सुरू झालंच, तर 'या वेळी घरीच सोडतो' हा हट्ट नको. मुंबईत केईएम, सायन, नायर, तिन्ही हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहे. थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची, गोळीही फालतू समजून टाळू नकोस. बी-१ कमी पडलं की स्मरण आणि चालण्याचा तोल जातो.

डायसल्फिराम, म्हणजे दारूपासून दूर ठेवणारी गोळी, तिच्याबद्दल डॉक्टरांशी तूच बोल आणि पटलं तरच घे. जेवणात गुपचूप मिसळून द्या, असं सांगणारे भेटतात. आपल्या घरात ते होणार नाही. त्या गोळीवर दारू गेली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावर बेततं. गोळी थांबवल्यावरही दोन आठवडे हा धोका राहतो. खोकल्याच्या औषधातही अल्कोहोल असू शकतं, केमिस्टला विचारून घे.

दुसरी भीती तल्लफेची. ती चढते आणि बहुधा अर्ध्या तासात उतरते. म्हणून फोन पहिल्या घोटाआधी करायचा. पिऊन झाल्यावर केलास तर समोरच्याच्या हाती तुला घरी आणण्यापलीकडे काही उरत नाही. 'नाक्यावर उभा आहे, प्यावंसं वाटतंय, बोलत राहा' एवढं पुरे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) या दारू सोडणाऱ्यांच्या गटातल्या तुझ्या स्पॉन्सरने, म्हणजे तुला सोबत करणाऱ्या जुन्या सभासदाने, उचलला नाही तर दुसरा, मग तिसरा. नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेव. मोबाइलची बॅटरी नको तेव्हाच संपते. रात्री कोणीच नसेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलता येतं.

मदत मागताना प्रत्येकाला काम नेमून दे. नुसतं 'मला सांभाळा' म्हटलं की घरातले तोंडाचा वास घेतात, खिसे तपासतात आणि तू चिडतोस. त्यापेक्षा पगाराच्या दिवशी दादा ऑफिसखाली येईल, आई सकाळी चहाबरोबर गोळ्या पुढ्यात ठेवेल, मी शनिवारी एएच्या मीटिंगपर्यंत सोबत येईन. आत तू एकटा. तिथे काय बोललास ते विचारणार नाही.

गटारी आणि ३१ डिसेंबर, या दोन संध्याकाळची मीटिंग आधीच ठरव. मित्राच्या हळदीला पहिलं वर्ष जाऊच नये असं माझं मत. जायचंच झालं तर जेवून जा, उपाशीपोटी तल्लफ वाढते, आणि लवकर निघ.

पाय घसरला तर त्याच दिवशी सांग. 'एक झालाच आहे, आता काय' म्हणत माणूस पुढचे आठ दिवस पितो. घरात आरडाओरडा होणार नाही, आईशी बोललो आहे.

सोमवारी कागद घेताना गोळ्यांच्या वेळा आणि ओपीडीची पुढची तारीख लिहून घे. मी बाराला गेटपाशी असेन.

तुझे,
बाबा