शेवंतीबद्दल, आई-बाबांना

पुणे, 14 जानेवारी 2026

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आपल्या घोडीला, शेवंतीला, यंदा घोड्याकडे लावायची नाही, आणि पुढेही नाही, असं मी ठरवलंय. परवा सोमवारी स्टड फार्मला फोन करून मार्चचं कव्हर, म्हणजे घोडा दाखवणं, रद्द केलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर बाबा गप्प बसले असते, आणि बाबा गप्प बसले की मला पुढे बोलवत नाही. आई, हे पत्र तू मोठ्याने वाच. बाबांनी चष्म्याचा नंबर अजून बदललेला नाही, हे मला माहीत आहे.

बाबा, मी तिच्यात खोट काढतेय असं समजू नका. तिने तीन रेस मारल्या, आणि तिसरीच्या वेळी तुम्ही कसे रडलात ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पण तिन्ही 1200 मीटरच्या आणि तिन्ही खालच्या, चौथ्या वर्गातल्या. सेलच्या कॅटलॉगचं पान तुम्हीच मला वाचायला शिकवलंत. घेणारा आधी आईच्या नावाखाली काय छापलंय ते बघतो. ग्रेडेड किंवा लिस्टेड, म्हणजे वरच्या दर्जाची शर्यत मारणाऱ्यांची नावं तिथे ठळक अक्षरांत असतात. शेवंतीच्या आईला सात शिंगरं झाली, त्यांतली चार जिंकली, ठळक नाव एकही नाही. तिच्या बापाचं नाव मोठं आहे, कबूल. पण बापाची पोरं शेकडो असतात, म्हणून सावत्र भावंडं धरायची ती आईकडूनच. तुम्ही म्हणाल, 1943 ची पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुलने मारली, घोडीला कमी लेखू नकोस. नाही लेखत. पण डर्बी मारणारी घोडी आणि आपली शेवंती एका मापाने कशी मोजू?

तिचा घसा मला जास्त खटकतो. धावताना यायची ती घरघर टायबॅकची शस्त्रक्रिया केल्यावर थांबली, म्हणून आपण विसरलो. स्वरयंत्राची डावी बाजू पुरती उघडत नव्हती, ती टाक्याने बाहेर ओढून धरली, इतकंच झालं. हा दोष बऱ्याच अंशी रक्तातून उतरतो, आणि शस्त्रक्रिया काही शिंगरात उतरत नाही. तिचा पाय सुजला होता तो प्रकार वेगळा. ती ट्रॅकवरची दुखापत, तेवढ्यासाठी कोणत्याही घोडीला मी नापास करणार नाही.

आता तपासणीचं. डिसेंबरमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा चिंचोक्याएवढा तुकडा काढून पाठवला होता. त्याची प्रत 2बी आली. पहिल्या प्रतीची घोडी लागली तर शिंगरू हाती लागायची शक्यता 80 ते 90 टक्के, तिसऱ्या प्रतीत 10 च्या खाली. 2बी म्हणजे 10 ते 50, आणि 15 वर्षांच्या घोडीला मी 50 च्या बाजूला धरत नाही. तिचं शेपटीखालचं अंगही बदललंय. गुदद्वार आत ओढलं गेलंय, योनीचं तोंड उभं राहायचं ते तिरकं झालंय, शेण त्यावरूनच घसरतं आणि चालताना हवा आत जाते. वरच्या भागाला टाके घालून ते बंद करता येतं, पण व्यायच्या आधी टाके उघडायचे राहिले तर फाटतं.

थरोब्रेडला, म्हणजे शर्यतीच्या जातीला, कृत्रिम रेतन चालत नाही. केलं तर शिंगराचं नाव स्टड बुकात, म्हणजे जातीच्या नोंदवहीत, लागत नाही. म्हणजे तिला ट्रकमध्ये घालून घोड्याकडेच न्यावं लागणार, आणि तिथे माज नीट सापडेपर्यंत आठवडेच्या आठवडे ठेवावं लागणार. कव्हरनंतर प्रत्येकच घोडीच्या गर्भाशयाला थोडी सूज येते. तरुण घोडी दोन दिवसांत सगळं बाहेर टाकते. शेवंती टाकत नाही. मागच्या माजात स्कॅनवर दोन सेंटिमीटर पाणी साचलेलं दिसलं. गर्भ सहाव्या दिवशी गर्भाशयात उतरतो, त्याच्या आत ते लख्ख व्हायला हवं. म्हणून कव्हरनंतर चार तासांनी गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन, दुसऱ्या दिवशी एकेक लिटर सलाइन आत सोडून ते स्वच्छ परत येईपर्यंत धुणं, मग पंधराव्या दिवशी जुळं नाही ना म्हणून स्कॅन. एवढं करूनही नाही लागली तर 21 दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून. तिला हे सगळं कशासाठी सोसायला लावायचं?

समजा लागली असती. 340 दिवस धरले तर पुढच्या फेब्रुवारीत व्याली असती, आणि शिंगरू धावायला उभं राहीपर्यंत 2029 उजाडलं असतं. त्यातही घोडी व्यायला रात्रच निवडते. सडांवर मेण दिसायला लागलं की रोज रात्री जागणं आलं. पाणमोट फुटल्यापासून अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. पांढऱ्या पडद्याऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी पुढे आली, तर वार आधीच सुटलेली असते. ती तिथल्या तिथे फाडून शिंगरू ओढावं लागतं, नाहीतर ते आतच गुदमरतं. आपल्याकडे डॉक्टर पोचायला सव्वा तास. पारूच्या वेळची रात्र मी विसरलेली नाही. बाबा, तुमच्या हातांवर माझा तेव्हाही विश्वास होता, आजही आहे. पण स्टेंट बसवून आठच महिने झालेत, आणि मी इथे 90 किलोमीटरवर. शेवंती सहा वर्षांची असती आणि तिची बहीण ठळक अक्षरांत असती, तर ट्रकमध्ये तिच्याजवळ मी स्वतः बसून गेले असते.

आई, तू म्हणालीस, तिला एक तरी लेकरू हवं. तू ते घोडीबद्दल म्हणालीस, मी घोडीबद्दलच ऐकलं. ती दर 21 दिवसांनी पाच-सहा दिवस अस्वस्थ होईल, कुंपणाशी उभी राहून खिंकाळेल, पुन्हा शांत होईल. तो आजार नाही. तिला सोबत हवी, ती शेळीचीही चालते. आपली काळी शेळी रात्री तिच्याच शेडमध्ये बांध.

ती कुठेही जाणार नाही, तुमच्याकडेच राहील. कोणी कितीही दिले तरी दादा तिला विकणार नाही, माझं त्याच्याशी बोलणं झालंय. खर्च माझ्याकडे.

आता नीट ऐका. ओट्स बंद. वाळलं गवत दिवसाला 9 किलो, चार वेळा विभागून. लसूणघास 5 किलोच्या वर नको. मीठ 30 ग्रॅम. पाणी 30 ते 40 लिटर पिते की नाही ते बादली मोजून बघा, कमी झालं की कॉलिकची, पोटशुळाची भीती. आणि बाबा, गूळ बंद. आज संक्रांत आहे म्हणून एक वडी द्या, उद्यापासून गाजर. काम सुटलेल्या घोडीला गोड आणि चरबी चढली की लॅमिनायटिस होतो, खूर आतून सुटतो. रोज सकाळी खुरावर तळहात ठेवा. खूर गरम लागला आणि घोट्यामागची नाडी ठणठण उडताना कळली, तर तिला हलवू नका, लगेच मला फोन करा. गूळ तुम्हालाही बंदच आहे. तिच्या नावाने काढलेला खडा अर्धा कोणाच्या तोंडात जातो, हे आईने मला सांगितलंय.

खरारा बाबांनीच करायचा, तिला दुसऱ्याचा हात चालत नाही. पण स्टुलावर बसून, आणि ऊन वर आल्यावर. पहाटेच्या थंडीत शेडमध्ये जायचं नाही. बादल्या गणपत उचलेल, मी त्याला बजावलंय. मी लहान असताना तिसऱ्या बादलीला तुम्ही मला हात लावू द्यायचा नाहीत, आठवतं? आता तेच मी तुम्हाला सांगतेय, रागावू नका.

शनिवारी नालवाला येईल. मागचे नाल काढून टाकायला सांगा, पुढचे एवढ्यात काढायला नकोत, डाव्या पुढच्या खुराची भिंत अजून ठिसूळ आहे. यापुढे दर सहा आठवड्यांनी खूर तासायचे. धनुर्वाताची लस फेब्रुवारीत, ती मी घेऊन येते. येताना चष्म्याच्या डॉक्टरांचीही वेळ घेते.

तुमची,
मनी