पद्मिनीच्या बंपरला भोक पाडणार नाही: तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: 'ड्रिलिंगची गरज नाही' असे सांगून विकलेले, प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या नंबरप्लेटचे ब्रॅकेट

महोदय,

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला. त्या विभागाशी पुन्हा बोलायची माझी तयारी नाही, म्हणून थेट तुम्हाला लिहिते आहे.

ब्रॅकेट कोणतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या वेबसाइटवर पद्मिनीच्या फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलंय, 'ड्रिलिंगची गरज नाही, बंपरच्या मूळ बोल्टवर बसते'. त्या एका ओळीवर विश्वास ठेवून मी ते घेतलं. खोक्यातून निघाली एक सपाट पट्टी, दोन सेल्फ-टॅपिंग स्क्रू आणि एक कागद. त्या कागदावरची पहिलीच सूचना: बंपरला दोन भोकं पाडा.

पद्मिनीचा बंपर सपाट नाही, त्याला गोलाई आहे. पद्मिनीचे भाग विकणाऱ्यांना हे मी सांगायचं? तुमची पट्टी वरच्या कडेला टेकते आणि खाली बोट जाईल एवढी फट राहते. बोल्टसाठी दिलेली भोकं मूळ बोल्टांच्या जवळपासही येत नाहीत. माझ्या मेकॅनिकने पट्टी क्लॅम्पने धरून पाहिली, तर इंजिन सुरू होताच ती थडथडायला लागली.

भोक का पाडायचं नाही, तेही लिहिते, कारण तुमच्याकडे ते कोणालाच कळत नाही असं दिसतंय. गाडी १९८४ची आहे आणि बंपर कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडीबरोबर आला तोच आहे. क्रोमखाली निकेल, त्याखाली पोलाद. भोक पाडलं की त्याच्या कडेला पोलाद उघडं पडतं. आम्ही माहीमला राहतो, समुद्र जवळ. खारी हवा आणि चार महिने पाऊस. गंज त्या कडेतून आत शिरतो, क्रोमला फोड येतात, मग पापुद्रे सुटतात. पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन वीस वर्षं उलटून गेली. दुसरा बंपर तुम्ही देणार आहात का?

आणि हे हौसेसाठी चाललेलं नाही. राज्यात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, सक्तीची आहे. माझी पुढची प्लेट ५०० बाय १२० मिलिमीटरची. तिचं स्नॅप लॉक, म्हणजे प्लेट पक्की करणारी एकदाच वापरायची खीळ, एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही, म्हणजे ब्रॅकेट पहिल्यांदाच पक्कं बसायला हवं. जुनं ब्रॅकेट गंजून गेलं म्हणून तर तुमच्याकडे आले. फिटिंग सेंटरवरच्या मुलाने तुमची पट्टी हाताने हलवून पाहिली आणि यावर प्लेट लावणार नाही म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. माझी अपॉइंटमेंट वाया गेली.

आता आजच्या फोनबद्दल. मी शांतपणे सांगितलं की वेबसाइटवर एक लिहिलंय आणि कागदावर दुसरं. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "मॅडम, घरात कोणी जेंट्स आहेत का? त्यांना फोन द्या, त्यांना समजेल." मी म्हटलं, गाडी माझ्या नावावर आहे, मीच चालवते, काय ते मला समजावा. त्यावर हसण्याचा आवाज आला. फोनवर हसणं ऐकू येतं, हे तुमच्या प्रशिक्षणात कोणी सांगत नाही का? मग तो म्हणाला, "एवढी जुनी गाडी आहे, एक भोक पाडलं तर काय बिघडतं? तसंही पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच जाते ना." मी सांगितलं की ती मर्यादा दिल्लीतल्या पेट्रोल गाड्यांची, तिची चर्चा ऐकून तुम्ही बोलताय, महाराष्ट्रात आम्ही पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण करतो, पर्यावरण कर भरतो आणि गाडी कायदेशीर चालवतो. तर म्हणे, "मग व्हिंटेजमध्ये टाका, प्लेटच लागणार नाही." व्हिंटेजला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते, तिची नोंदणी वेगळी आणि रोजच्या वापराला ती चालत नाही. एवढं सांगेपर्यंत त्याने फोन होल्डवर टाकला होता. थोड्या वेळाने लाइन कट झाली.

'घरात कोणी जेंट्स आहेत का.' हे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये असेल. स्वतः ऐका.

वाईट याचं वाटतं की मागे तुमच्याकडूनच दाराचं रबर बीडिंग घेतलं होतं. चारही दारांना ते नीट बसलं, पावसाचा एक थेंब आत येत नाही. जुन्या गाड्या जपणाऱ्या ओळखीच्या लोकांना मीच तुमचं नाव सांगत होते. आता सांगणार नाही, आणि का सांगत नाही हेही प्रत्येकाला सांगेन.

ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांनुसार जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. मला पोचसुद्धा आलेली नाही. मला माझे पूर्ण पैसे हवेत, पट्टी नेण्याचा खर्च तुमचा, आणि त्या फोनबद्दल लेखी माफी. 'ड्रिलिंगची गरज नाही' ही ओळ आजच्या आज काढा, नाहीतर दुसरं कोणी ती वाचून बंपरला खरंच भोक पाडून बसेल.

पंधरा दिवसांत हे झालं नाही, तर मुंबईच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. २०१९च्या कायद्याने मी राहते तिथेच ती करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. वेबसाइटच्या पानाचे आणि तुमच्या कागदाचे फोटो माझ्याकडे तारखेसह आहेत.

पट्टी, स्क्रू आणि कागद मूळ खोक्यात बांधून ठेवले आहेत. माणूस पाठवा. येण्याआधी फोन माझ्याच नंबरवर करा.

आपली ग्राहक,
(पद्मिनीची मालक, माहीम, मुंबई)