गिअरबॉक्स घेण्याआधी इंजिनची पाठ मोजा

महोदय,

थंडी सुरू झाली की मुंबई-पुण्यात जुन्या मोटारींच्या रॅलीची चर्चा सुरू होते, आणि पाठोपाठ गॅरेजमध्ये एक प्रश्न येतो : जुन्या शेवरलेटला कुठला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसेल? जड क्लच, सिग्नलागणिक गिअर बदलणे, गुडघे कुरकुरणे ही कारणे खरीच आहेत. पण बहुतेक मालक आधी परदेशातून गिअरबॉक्स मागवतात आणि मग तो इंजिनला बसतो का ते बघतात. हजारो रुपये आणि कधी कधी अख्खी गाडी त्यात वाया जाते, म्हणून हे पत्र.

जनरल मोटर्सने १९२८ ते १९५४ या काळात शिवडीला गाड्या जुळवल्या. त्यातल्या शेवटच्या काळातल्या शेवरलेटमध्ये २१६ किंवा २३५ घनइंचाचे सरळ सहा सिलिंडरचे इंजिन असते. त्याच्या मागच्या तोंडावरची बोल्टांची मांडणी वेगळी आहे. १९५५ मध्ये व्ही-८ (‘व्ही’ आकारात आठ सिलिंडर असलेले) इंजिन आले ते नवीन मांडणी घेऊन. पुढे साठच्या दशकातल्या १९४, २३०, २५० घनइंची सहा सिलिंडरांनीही तीच घेतली. त्यामुळे ‘दोन्ही शेवरलेटच, म्हणजे बसणारच’ हा हिशेब चुकतो. १९६९ पासूनचा टर्बो-हायड्रामॅटिक ३५० (थोडक्यात टर्बो ३५०) हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सगळ्यांच्या मनात असतो. तो व्ही-८ ला सरळ लागतो, २३५ ला मात्र दोन मांडण्या जोडणारी अॅडॅप्टर प्लेट आणि वेगळी फ्लेक्सप्लेट (इंजिनच्या क्रँकला लागणारी दातेरी चकती) लागते. शिवाय हाच गिअरबॉक्स ब्यूइक, ओल्ड्समोबिल आणि पाँटिअॅकसाठी वेगळ्या बेलहाउसिंगसह (गिअरबॉक्सचा इंजिनला लागणारा घंटेसारखा पुढचा भाग, थोडक्यात बेल) निघाला. विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोत तेलाचा पॅन चौकोनी, एक कोपरा कापलेला आणि तेरा बोल्टांचा दिसला तर तो ३५० आहे एवढेच कळते. बेल कोणत्या मांडणीची आहे ते त्यावरून कळत नाही. इंजिनच्या मागच्या तोंडावर जाड पुठ्ठा दाबून बोल्टांची आणि दोन्ही डॉवेलची (जागा नेमकी धरणाऱ्या खुंट्यांची) भोके उमटवून घ्यावीत, भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरे व्हर्निअरने मोजून पुठ्ठ्यावरच लिहावीत आणि तेच विक्रेत्याकडे पाठवावे. दहा मिनिटांचे काम आहे.

बोल्ट जुळले तरी शिवडीच्या गाडीत खरी अडचण पुढेच आहे. १९५४ पर्यंतच्या शेवरलेटमध्ये गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट उघडा नसतो, तो एका नळीत बंद असतो आणि मागच्या चाकांचा रेटा त्या नळीतून गिअरबॉक्समार्फत गाडीला पोचतो. टर्बो ३५० च्या शेपटीला, म्हणजे मागच्या टोकाला, ती नळी लागत नाही, आणि नळी काढली तर मागचा अॅक्सल धरून ठेवायला काही उरत नाही. म्हणजे अॅक्सल, पाटे, शाफ्ट, सगळेच बदलायचे. त्यात या इंजिनचा मागचा भार बेलहाउसिंगच्या दोन बाजूंच्या रबरांवर असतो. जुने बेलहाउसिंग निघाले की इंजिन मागून लोंबकळते, त्यासाठी चासीवर नवा आधार बांधावा लागतो. शिवाय विजेची यंत्रणा ६ व्होल्टची. अॅडॅप्टरसोबत लागणारा छोटा स्टार्टर मात्र १२ व्होल्टचा.

आमचे मत स्पष्ट आहे : १९५४ आणि त्याआधीच्या गाडीत हे करू नये. ऑटोमॅटिक हवाच असेल तर त्या काळचा शेवरलेटचाच पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घ्यावा, आणि तो इंजिन, नळी आणि ३.५५ गुणोत्तराचा अॅक्सल अशा पूर्ण संचासह. हातगिअरच्या गाडीचा ४.११ चा अॅक्सल त्याला लावू नये. १९५० ते १९५२ चा पॉवरग्लाइड ‘ड्राइव्ह’मध्ये आपणहून गिअर बदलत नाही, ‘लो’ हाताने टाकावा लागतो. १९५३ पासून तो आपोआप बदलतो, म्हणून शोधताना साल नीट बघावे.

१९५५ नंतरच्या २८३ किंवा ३२७ घनइंची व्ही-८ ला काम सोपे आहे, तरी आंधळेपणाने करण्यासारखे नाही. १९५५–५७ च्या गाडीतही मागचे रबर बेलहाउसिंगवरच असते, म्हणून गिअरबॉक्सखाली नवा आडवा आधार लागतो. १९६३ नंतरच्या शेवरलेट इम्पालात अॅल्युमिनिअमचा पॉवरग्लाइड असेल तर सहा इंची शेपटीचा टर्बो ३५० बऱ्याचदा त्याच लांबीत बसतो आणि २७ दात्यांचा योकही (शाफ्टचा गिअरबॉक्समध्ये जाणारा जोड) तोच चालतो. फ्लेक्सप्लेट १५३ दात्यांची असते किंवा १६८. स्टार्टरचे पुढचे तोंड तिच्याशी जुळले नाही तर रिंगचे दाते महिन्याभरात झिजतात. जुन्या इंजिनच्या जागी कुणी १९८६ नंतरचे ३५० घनइंची इंजिन टाकले असेल तर क्रँकच्या मागच्या फ्लँजवरील (फ्लेक्सप्लेट लागते त्या चकतीवरील) बोल्टांचे वर्तुळ ३.५८ इंचाऐवजी ३ इंचाचे असते, जुनी प्लेट लागत नाही. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत आणखी एक खोच आहे : गिअरबॉक्सचा बदल-दांडा डाव्या अंगाला असतो, स्टिअरिंगचा कॉलम उजवीकडे. दांडे वळवून नेण्यापेक्षा केबलचा फ्लोअर शिफ्टर घ्यावा.

जोडणी करताना सर्वात जास्त नुकसान टॉर्क कन्व्हर्टरमुळे (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणाऱ्या भागामुळे) होते. त्यात लिटरभर तेल ओतून, हलकेच दाबत फिरवत तो आत सरकवावा. एकामागून एक खट्ट असे टप्पे लागतात. पूर्ण बसला नसताना बेलचे बोल्ट आवळले तर तेलाचा पंप तिथेच फुटतो. बेल इंजिनला हाताने टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत एक ते दीड सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अंतर राहिले पाहिजे. कमी असेल तर पंपावर दाब येतो, जास्त असेल तर कन्व्हर्टर पंपात अर्धवटच अडकतो. दोन्ही डॉवेल हवेतच, आणि डायल गेजने बेलचे केंद्र तपासल्यावर फरक पाच थाउपेक्षा (इंचाच्या पाच हजारांशांपेक्षा) जास्त नसावा.

गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरची (इंजिनच्या निर्वातावर चालणाऱ्या दाब-नियंत्रकाची) नळी थेट इनटेक मॅनिफोल्डला जोडावी. त्याचा पडदा फाटला की इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढू लागते, एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतो आणि लोक उगाच पिस्टन उघडतात. हातगिअरच्या गाडीच्या रेडिएटरमध्ये तेल थंड करण्याची सोय नसते. वेगळा कूलर बसवल्याशिवाय घाटात किंवा मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये गाडी काढू नये. तेल १२० अंशांच्या वर गेले की ते लवकर खराब होते, आणखी तापले तर गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा जळतात.

कागदांचाही विचार हवा. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली मोटारच विंटेज गाड्यांच्या ‘व्हीए’ नंबर-मालिकेत नोंदवता येते. म्हणून चासीवर कापणे किंवा वेल्डिंग नको. आधार बोल्टचाच करावा. काढलेले मूळ गिअरबॉक्स, बेलहाउसिंग आणि शाफ्ट भंगारात न देता तेल भरून, तोंडे बंद करून, गाडीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवावे.

आपले,
जुन्या मोटारींची दुरुस्ती करणारे काही मेकॅनिक, पुणे