काकूंचं वाक्य काकूंना वाचून दाखवा

महोदय,

आमच्या लालबागच्या चाळीच्या पुनर्विकासावर गेल्या महिन्यात एका दैनिकात बातमी आली. सोबत शेजारच्या काकूंचा फोटो होता. दारात उभ्या, मागे पाण्याचं पिंप, आणि वर अवतरणचिन्हांत मथळा: 'आम्हाला टॉवर नको!' वार्ताहर आला तेव्हा मी तिथेच होते. काकू म्हणाल्या होत्या, 'नवं घर मिळतंय याचा आनंदच आहे, पण दर महिन्याचा मेंटेनन्स पेन्शनीत भागेल का, एवढीच धास्ती वाटते.' आनंद गाळला गेला आणि धास्तीचा विरोध झाला. तेव्हापासून जिन्यात जो भेटेल तो काकूंना जाब विचारतो, तुमच्यामुळे काम रखडलं तर? काकूंनी गॅलरीत बसणंच सोडलंय.

वार्ताहराला फोन केला, तर म्हणाला, मथळा डेस्कवर, म्हणजे कार्यालयातल्या संपादन विभागात, दिला जातो. तसं असेलही. पण काकूंना डेस्क काय माहीत? त्यांनी घरी आलेल्या मुलाला चहा दिला आणि विश्वासाने मन मोकळं केलं.

मंत्र्याच्या तोंडी चुकीचं वाक्य पडलं की त्यांच्या कार्यालयातून लगेच फोन जातो. काकूंसाठी कोण फोन करणार? प्रेस कौन्सिल म्हणजे वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी वैधानिक संस्था. तिच्या आचारसंहितेत मथळा मजकुराला धरून असावा, चूक कळताच दुरुस्ती ठळकपणे छापावी, असं स्पष्ट लिहिलं आहे. पण १९७८च्या कायद्याने कौन्सिलला ताकीद देण्याचा, ठपका ठेवण्याचा अधिकार दिला, दंड करण्याचा नाही. म्हणून सगळी भिस्त संपादकांवर.

माझी मागणी साधी आहे. ज्यांचा रोज वर्तमानपत्राशी संबंध येत नाही, अशा माणसांना त्यांच्या नावाने छापायचं वाक्य आधी फोनवर वाचून दाखवा. पूर्ण बातमी नव्हे, तेवढं वाक्यच. पुढाऱ्यांना ही सवलत मुळीच देऊ नका, ते बोललेलं फिरवतील. घाईच्या बातमीत हे जमणार नाही, हे मला मान्य आहे. पण आमच्या चाळीची बातमी चार दिवसांनी छापली होती.

त्या संपादकांना पत्र पाठवलं, उत्तर नाही. दैनिकाविरुद्ध कौन्सिलकडे तक्रार दोन महिन्यांच्या आत करावी लागते आणि संपादकांना लिहिलेल्या पत्राची प्रत जोडावी लागते. ती जोडून काकूंचा अर्ज या आठवड्यात आम्ही पाठवत आहोत.

— एक वाचक, लालबाग, मुंबई