राष्ट्रीय महामार्ग ६६ : फाटा कुठे, फलक कुठे?

महोदय,

मुंबई-गोवा महामार्ग (पूर्वीचा १७, आता ६६) पनवेलहून पत्रादेवीपर्यंत जातो, पण कोकणातली बहुतेक ठिकाणे त्याच्यावर नाहीत, फाट्यावर आहेत. रत्नागिरीला हातखंब्याला वळायचे, देवगडला नांदगावला, मालवणला कसालला. सावंतवाडी तर झारापपासून बाजूलाच राहते. जुन्या रस्त्याने आकेरीमार्गे जावे लागते.

रस्ता दुपदरी होता तेव्हा फाटा चुकला तरी लगेच मागे फिरता यायचे. आता मध्ये दुभाजक, वर उड्डाणपूल. कणकवलीत जायचे असून सेवा रस्ता धरला नाही, तर गाडी सगळ्या गावावरून पुढे निघून जाते. मग चालक उलट्या दिशेने येतात आणि अपघात तिथेच होतात. म्हणून गावाचे नाव वळणावर लावून भागत नाही. एक किलोमीटर आणि पाचशे मीटर आधी, ‘सेवा रस्ता डावीकडे’ अशा बाणासह हवे. पावसात आणि धुक्यात दिसण्यासाठी परावर्तक पत्राच वापरावा, आणि वाढलेली झुडपे फलकापुढून गणपतीआधी तोडावीत. हे काम फार खर्चाचे नाही.

– एक वाचक, कुडाळ