पाणी उकळून नायट्रेट जात नाही साहेब: पाणीपुरवठा मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब नमस्कार. मी बुलढाणा जिल्ह्यातला. बहीण बाळंतपणाला घरी आलीय, दूध पुरेना म्हणून दोन महिन्यांच्या भाच्याला डब्याची पावडर सुरू केली, आई बोअरचं पाणी वीस वीस मिनिटं खळाखळा उकळायची, पातेल्याला पांढरा थर धरायचा आणि आम्ही निर्धास्त. मग पाणी तपासून आणलं तर नायट्रेट लिटरला ९० मिलिग्रॅमच्या वर. मर्यादा ४५ ची आहे.

उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते दाट होतं. टीसीएलनेही, म्हणजे पाण्यात टाकतात त्या ब्लीचिंग पावडरनेही, जात नाही. चव नाही, वास नाही, कळणार कसं? सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, ते हिमोग्लोबिन बिघडवतं, मग रक्त ऑक्सिजन नेऊ शकत नाही आणि ओठ, नखं निळी पडतात. अमेरिकेतल्या आयोवात विहिरीच्या पाण्यावरच्या बाळांमध्ये हे १९४५ सालीच नोंदवलंय. आमचं बाळ ठणठणीत आहे, पण पातेलं बघितलं की अजून पोटात गोळा येतो.

नायट्रेट बनतं ते नायट्रोजनपासून, पण नायट्रोजन काही विष नाही, डाळीतल्या, अंड्यातल्या प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के तोच असतो, त्याच्याशिवाय अंगावर मांस धरत नाही. म्हणून तर आपण पिकाला युरिया टाकतो, ४५ किलोच्या गोणीत २० किलोच्या वर नायट्रोजन, पण पीक सगळा उचलत नाही, उरलेला नायट्रेट होऊन पावसात खाली झिरपतो, त्यात विहिरीशेजारचे उकिरडे आणि संडासाचे खड्डे. एकट्या शेतकऱ्याला बोल लावून उपयोग नाही.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात राज्यातले एक तृतीयांशाहून जास्त पाण्याचे नमुने नायट्रेटच्या मर्यादेबाहेर आहेत. वर्धा, अमरावती, बीड, नांदेड, जळगाव, यवतमाळ आणि आमचं बुलढाणा, सगळ्यांची नावं आहेत त्यात.

मागणी एवढीच की प्रत्येक बोअरचा नायट्रेटचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक लिहा, आणि जिथे ४५ च्या वर आहे तिथे तान्ह्या बाळाच्या घरी आरओचा, म्हणजे नायट्रेट गाळून काढलेल्या पाण्याचा, जार आधी पोचवा, मोठ्यांचं नंतर बघू. आशाताईंनाही सांगा, नुसतं 'उकळून द्या' म्हणू नका, आधी पाणी कुठलं ते विचारा.

आम्ही सध्या शेजारच्या गावातून जार आणतोय. पावसाळ्यानंतर पुन्हा तपासणार आहे, आकडा तुम्हाला कळवतो.

आपला,
बुलढाणा जिल्ह्यातला एक मामा