मशीन लावल्यावर आम्ही बघतो काय?

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "श्वास मशीनच देतं, तर तुम्ही रात्रभर तिथे बघता काय?" तेव्हा घाईत होते, म्हणून आता सविस्तर लिहितेय.

बघतो ते प्रेशर. सध्या आयसीयूत एक काका आहेत, न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरलाय. वजन नव्वदीच्या पुढे, पण हवा किती द्यायची ते उंचीवर ठरतं. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस थोडंच वाढतं! टेप लावून पलंगावरच उंची मोजली, 170 सेंटिमीटर. त्या उंचीला वजन धरायचं 66 किलो आणि किलोमागे 6 मिली, म्हणजे एका श्वासाला साधारण 400 मिली.

आई, तू म्हणशील, हवेत कसली काटकसर? पूर्वी डॉक्टरही सढळ हातानेच देत. मग 2000 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात किलोमागे 12 मिली आणि 6 मिली अशी तुलना झाली. 12 वाल्यांत शंभरातले चाळीस दगावले, 6 वाल्यांत एकतीस. आजारी फुप्फुसाचा बराच भाग पाणी भरून मिटलेला असतो. सगळी हवा उरलेल्या धडक्या भागात घुसते आणि त्यालाच इजा करते.

तर मशीनवर एक बटण असतं. श्वास आत गेला की ते दाबून हवा क्षणभर रोखायची. स्क्रीनवरची रेघ टोकावरून थोडी उतरते आणि सपाट होते. ते सपाट प्रेशर फुप्फुसाचं. टोक उंच पण सपाटी खाली असेल तर भानगड वाटेत आहे: नळीत कफ अडकलाय नाहीतर श्वासनलिका आवळल्यात. कफ असला तर सक्शनने ओढून काढला की अलार्म गप्प. दोन्ही उंच, तर बहुतेक फुप्फुसच कडक झालंय. पेशंट स्वतः जोर लावत असेल तर मात्र हा आकडा फसवतो.

काकांचं सपाट प्रेशर 400 मिलीला 28 आलं. 30 च्या आत, म्हणून आमचा ज्युनियर खूश! पण श्वास सोडल्यावर फुप्फुस मिटू नये म्हणून 10 चं प्रेशर कायम ठेवलेलं असतं. ते वजा केलं की उरतात 18, आणि हा फरक आम्ही 15 च्या आत ठेवायला बघतो. माझा जास्त भरवसा या वजाबाकीवर. 350 मिलीवर आणलं, 16 झालं. हवा कमी केल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड जरा चढला, तो चढू दिला. मग सगळ्यांनी मिळून, नळी सांभाळत, त्यांना पालथं झोपवलं. संध्याकाळी वजाबाकी 13 वर आली.

नळी निघायला अजून अवकाश आहे. काकूंना रोज तेच सांगते, आणि त्या रोज विचारतात.

रविवारी सुट्टी मिळाली तर येते. बाबा, तुमचा इनहेलर संपत आला असेल, आजच आणून ठेवा.

तुमची,
धाकटी